रूमवर राहून हातानं गोधडी शिवायचीय, आजीची लुगडी आहेत, कुठून सुरुवात करू?

उदगीरचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी मूळचा उदगीरकडचा, नोकरीसाठी कोल्हापुरात आलोय, शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे आणि राजारामपुरीत मित्राबरोबर रूम घेऊन राहतो. आजी वारल्यावर तिची लुगडी आईनं ट्रंकेत जपून ठेवली होती, सुट्टीला गेलो तेव्हा त्यातली तीन मागून घेऊन आलो, दोन साधी सुती हिरवी आणि एक इरकल. कशाला पाहिजेत ते आईला सांगितलेलं नाही. त्याची गोधडी शिवून दिवाळीला आईच्या अंगावर घालायची असं डोक्यात आहे. मशीनवर नको, हातानंच, कारण आमच्या घरच्या सगळ्या गोधड्या आजी हातानं शिवायची आणि आईला मशीनचा टाका लांबून कळतो.

अडचण अशी की रूम दहा बाय बारा, त्यात दोन कॉट आणि कपाट, मधे जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी जागा. शिफ्ट फिरती, त्यामुळं कधी पहाटे वेळ मिळतो कधी रात्री, सलग चार तास बसून काम करीन असं होणार नाही. मग रोज पसरायचं रोज गुंडाळायचं म्हटलं तर आतले थर सरकणार नाहीत का? युट्यूबवर बघितलं तर सगळे म्हणतात मधून सुरू करा आणि बाहेर या, आणि मला पक्कं आठवतंय की आजी काठाकडून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत जायची, मग खरं काय धरायचं? आत काही भरायचं का, ते पांढरं फायबर मिळतं ते? थर किती, सुई कोणती, दोरा कोणता, कोल्हापुरात कुठं मिळेल हे सगळं? बटण लावण्यापलीकडं शिवण मला येत नाही पण दिवसभर मायक्रोमीटर हाताळतो, हात स्थिर आहे, शिकायची तयारी आहे. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

शिवाजीपेठची_काकी

बाळा, लई चांगलं मनात आणलंयस. तुला मोठी जागा एकदाच लागणार आहे, ती टाचायला, म्हणजे सगळे थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र धरायला. एकदा नीट टाचून झालं की ती वाकळ (गोधडीलाच आम्ही वाकळ म्हणतो) मांडीवर घेऊन कॉटवर बस, लाईट गेली तर दारात बस, कुठंही शिवता येते आणि दहा वेळा गुंडाळलीस तरी थर जागचे हलत नाहीत. वाकळ बिघडते ती बहुतेक टाचतानाच बिघडते, शिवताना नाही. लोक टाचायचा कंटाळा करतात, चार टाचण्या लावतात आणि सुई घालायला बसतात, मग मधे फुगा येतो नाहीतर एका बाजूला कापड जास्तीचं राहतं आणि मग रडतात.

आता हिशेब बघ. नऊवारी म्हणजे 27 फूट. चार तुकडे केलेस तर एकेक तुकडा पावणेसात फूट लांब आणि पन्हा पावणेचार फुटाच्या आसपास. लांबी बरोबर आहे पण पावणेचार फूट रुंदी अंगावर घ्यायला कमी पडते, कूस बदलली की पाठ उघडी. पाच फूट तरी पाहिजे, म्हणजे प्रत्येक थराला एक अख्खा तुकडा आणि त्याला जोडून आणखी सव्वा फुटाची पट्टी. तीन लुगड्यांचे बारा तुकडे होतात, त्यात पाच थर आरामात बसून कापड उरतं. कोल्हापूरच्या थंडीला चार पुरे, तुमच्या उदगीरकडं गारठा जास्त असतो म्हणून पाच म्हणाले. सहाच्या वर जाऊ नको, नवख्या हाताला सुई आरपार जात नाही आणि बोटं सुजतात.

लुगडी कापायच्या आधी उजेडाला धरून बघ. कासोट्याची जागा आणि बसायची जागा झिजून पातळ झालेली असते, पलीकडचं दिसतं. ते तुकडे आत घाल, टाकून देऊ नको, आत त्यांचं काम होतं. वरखाली मात्र घट्ट राहिलेलंच कापड पाहिजे. आणि जोडाच्या शिवणी एकावर एक येऊ देऊ नको, एका थराचा जोड डावीकडं तर दुसऱ्याचा उजवीकडं, नाहीतर तिथं अशी जाड वळी होते की सुई मोडते. हे कुणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात वाकळ टोचते.

टाचायचं असं. सगळ्यात खालचं कापड उलटं पसरायचं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आमच्याकडं वरवंटा आणि पाण्याची कळशी ठेवतात, तू काहीही ठेव. ताणून धरायचं नाही, नुसतं सपाट. एकेक थर टाकून तळव्यानं मधून बाहेर पुसत यायचं, सुरकुती काठाला काढायची. सगळे थर झाले की मधोमध एक उभी आणि एक आडवी टाचणाची ओळ, टाका चार बोटांएवढा मोठा, आणि तिथनं बाहेर वीतवीत अंतरावर आणखी ओळी, उभ्या आणि आडव्या दोन्ही, जाळी व्हायला पाहिजे. शेवटी काठाची ओळ. दोरा वेगळ्या रंगाचा घे म्हणजे नंतर उसवताना दिसतो. म्हणजे तुझ्या युट्यूबवाल्यांचं पण खरं आणि आजीचं पण खरं, टाचायचं मधून बाहेर आणि शिवायचं काठाकडून आत.

जागेचं म्हणशील तर गच्ची बघ, पण वारा नको. नाहीतर एखाद्या तालमीचा हॉल, दुपारच्याला मोकळे असतात, अध्यक्षांना सांगून जा, कुणी नाही म्हणत नाही. बरोबर एक माणूस ने, दोघं असले की दोन तासांचं काम आहे.

यंत्रमाग_इचलकरंजी

काकींनी सगळं छान सांगितलंय, मी फक्त कापडाबद्दल लिहितो कारण आमचा धंदाच तो.

खालच्या बाजूला नवीन कापड लावायचा विचार असेल (बरेच जण मांजरपाट लावतात, टिकायला चांगलं) तर ते आधी धुतल्याशिवाय अजिबात वापरू नका. कोऱ्या कापडाला खळ असते, मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगला लावतात, ती हाताला कडक लागते आणि त्यात सुई अडते. रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी गरम पाण्यात साबण घालून धुवा, वाळवा, आणि जमलं तर परत एकदा धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, लुगडी वर्षानुवर्षं धुतलेली म्हणजे ती आटायची तेवढी आटून झालीत. नवीन कापड न धुता जोडलं तर पहिल्या धुण्यात खालचं आकसतं, वरचं आकसत नाही, आणि अख्खी गोधडी चुरगळल्यासारखी होते, ती काही केल्या सरळ होत नाही.

रंगाचं पण तसंच. जुन्या लुगड्यांचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो पण इरकलीचा लाल पदर असेल तर त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रुमालाला रंग लागला तर तेवढा भाग वेगळा धुवून घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

फायबर भरू नका असं माझं स्पष्ट मत. पॉलिस्टर घाम शोषत नाही, उन्हाळ्यात ती गोधडी कपाटात जाते आणि कपाटातच राहते. सुती थरांची गोधडी बाराही महिने चालते, खाली अंथरा, वर घ्या. आणि रुई भरलीत तर तिला गादीसारखं सांभाळावं लागतं, पाण्यात घालता येत नाही, गोळे झाले की पिंजाऱ्याकडं न्या. लुगड्याचे थर एकमेकांत हवा धरतात, ऊब त्याचीच असते.

गांधीनगरला कापड स्वस्त मिळतं पण प्युअर कॉटन म्हणून टेरिकॉट गळ्यात मारणारे कुठंही भेटतात, म्हणून कडेचे दोन-चार धागे काढून बाहेर मोकळ्यावर काडी लावून बघायची. सुती धागा कागदासारखा वास येऊन जळतो आणि राख बोटानं चुरते. मिश्र असेल तर वितळून काळा कडक मणी होतो.

गडहिंग्लज_ते_बेंगळुरू

मी पण घरापासून लांब राहूनच शिवते, बेंगळुरूला पीजीत आहे, म्हणून वेगळा पर्याय सांगते. अख्खी गोधडी एकदम करायची गरज नाही, फूट-दीड फुटाचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन स्वतंत्र टाचून शिवून पूर्ण करायचा आणि शेवटी सगळे एकमेकांना जोडायचे. पिशवीत एक चौकोन मावतो, ऑफिसच्या बसमध्ये पण होतो, रूम पार्टनरला त्रास नाही, आणि एखादा चौकोन मनासारखा नाही झाला तर तेवढाच उसवायचा.

फक्त जोडताना दोन्ही बाजूंनी पट्टी लावायची, एक वरून एक खालून, म्हणजे थरांच्या कडा उघड्या राहत नाहीत. वेळ त्यात जातो हे खरं.

बाकी काठाकडून आत जायचं म्हणाल तर आमच्याकडं सीमेवर सगळ्या बायका तसंच करतात. खाली हल्याळ, यल्लापूरकडं सिद्दी लोकांची वस्ती आहे, त्यांच्या बायका कवंदी शिवतात, त्या पण कडेनं सुरू करून मधे येतात आणि चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. इतकी सुंदर दिसतात ती. त्यांचं बघून मी माझ्या गोधडीला तशी फुलं लावली, आणि नुसतं दिसायला नाही, कोपरा धरून ओढायची सगळ्यांना सवय असते तिथं कापड जाड झालेलं बरं पडतं.

शिवाजीपेठची_काकी

चौकोनाचं मला पटत नाही गं. तुझं होत असेल चांगलं, हात बसलाय तुझा. पण जुन्या लुगड्याला जितके जोड तितकी फाटायची जागा, धुताना ओली वाकळ किती जड होते बघ, सगळा ताण त्या जोडावर येतो. नवीन कापड असतं तर मी पण हेच सांगितलं असतं. आणि ह्याला आजीसारखी पाहिजे आहे, चौकोनात फिरत आत जाणारी, ती चौकोन जोडून कशी येणार.

गडहिंग्लज_ते_बेंगळुरू

काकी, जुन्या कापडाचा मुद्दा बरोबर आहे, मी चौकोन नवीन कॉटनचेच केलेत. लुगड्याला तुमचीच पद्धत बरी.

टेलर_मंगळवारपेठ

सुईदोऱ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दाभण घेऊ नका, काही लोक गोधडी म्हटलं की दाभण आणतात, ते पोत्याला. जुन्या कापडाला त्यानं भोक पडतं आणि ते भोक पुढं वाढत जातं. लांब, बारीक टोकाची पण नेढं मोठं असलेली सुई मागा, पाकिटात वेगवेगळ्या मापाच्या येतात त्या घ्या आणि दोन-तीन वापरून हाताला बसेल ती ठेवा. महाद्वार रोडच्या आजूबाजूला शिलाईच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं गोधडीचा जाड सुती दोरा म्हटलं की देतात. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून लोक घेतात, पण दोरा कापडापेक्षा कडक झाला की तोच कापडाला कापतो, झिजलेल्या लुगड्याला तर नक्कीच. दोरा तुटला तर परत घालता येतो, कापड फाटलं तर काय करणार.

दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की सारखा ओवायला लागत नाही असं वाटतं पण तो पीळ खातो, गुंता होतो आणि कापडातून शंभरदा ओढला जाऊन शेवटी विरतो. मेणाच्या वडीवरून दोरा एकदा ओढून घ्या, पूजेच्या सामानाच्या दुकानात मेण मिळतं, मेणबत्ती पण चालेल. गाठ वर दिसू द्यायची नाही, वरच्या थरातून सुई घालून हळूच हिसका दिला की गाठ आत जाते आणि थरांच्या मधे बसते.

मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, पहिल्या दिवसापासून. सवय नसल्यानं जड वाटतं पण पाच थरांतून सुई ढकलायला बोटाचं कातडं पुरत नाही. डाव्या हाताची तर्जनी खाली ठेवून सुईचं टोक लागलं की परत वर, असं तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वर आणि खाली सारखाच. सुरुवातीला सारखे येत नाहीत, येऊ देत, पण ओळ सरळ ठेवा, ओळ सरळ असली की टाक्याचं लहानमोठं डोळ्याला दिसत नाही. खडूनं ओळ आखून घेतली तरी हरकत नाही. दोरा ओढताना आवळू नका, कापड गोळा झालं की समजायचं आवळला.

काठाबद्दल, लुगड्याचे काठ आधीच कापून बाजूला ठेवा. थरांत काठ राहिला तर तिथं सुई अडते. आणि तेच काठ शेवटी कडेला गोट म्हणून लावा. कड सगळ्यात आधी झिजते आणि काठाची वीण घट्ट असते, वर्षं काढते.

उदगीरचा_पोरगा

मंडळी, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. काल ड्युटीवरून आल्यावर लुगडी उजेडाला धरून बघितली. काकी, तुम्ही म्हणाला तसंच आहे, दोन्ही हिरव्या लुगड्यांचा मधला पट्टा एवढा विरलाय की बोटं दिसतात पलीकडून. एका ठिकाणी आजीनं केलेलं रफू सापडलं, सुपारीएवढंच आहे पण उभे-आडवे धागे इतके बारीक घातलेत की पालथं केल्यावरच कळतं. ते वरच्या थरात घ्यावं असं वाटतंय, जागा कमजोर असली तरी. चालेल का?

दुसरं, हिशेब मांडला. पावणेसात बाय पाच फूट आणि ओळीओळीत पाऊण इंच अंतर धरलं तर साधारण 540 फूट धावदोरा होतो. दीड इंच धरलं तर निम्मा, 270. दिवाळीपर्यंत शिफ्ट सांभाळून पाऊण इंच झेपेल का याची शंका वाटते. दीड इंचावर चालते का गोधडी? आणि दोरा किती आणू?

टेलरकाका, इरकलीचा टोपपदर पूर्ण चांगला आहे, त्याचा रंग काडीभरही गेलेला नाही, रुमालाला पण लागला नाही. तो कुठं लावू?

टेलर_मंगळवारपेठ

पदर वरच्या थरात मधोमध लावा. तुम्ही कडेनं शिवत येणार, म्हणजे तिथं पोचेपर्यंत हात चांगला बसलेला असेल, सगळ्यात चांगले टाके त्याच्यावर पडतील. पदराच्या कडा आत दुमडून आधी बारीक टाक्यानं वरच्या कापडावर बसवून घ्या आणि मगच थर टाचा, नंतर बसवायला गेलात तर सगळे थर त्यात अडकतात.

दोरा, 540 फूट म्हणजे 165 मीटर, त्यात वर-खाली जाण्यात आणि टोकं कापण्यात जातो तो धरून एकेरी दोऱ्याला 200 मीटरच्या वर लागेल. एकदमच घ्या, नंतर आणायला गेलात की पांढऱ्यात पण फरक पडतो.

यंत्रमाग_इचलकरंजी

रफूची जागा वर घेतलीत तरी चालेल, तिच्या बरोबर खाली एक चांगल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा ठेवा आणि त्या भागात ओळी जवळजवळ घाला. ताण खालच्या तुकड्यावर जाईल, रफूला काही होणार नाही.

शिवाजीपेठची_काकी

दीड इंच नको बाळा. लुगडं झिजलेलं आहे, ओळी लांब राहिल्या की धुताना मधलं कापड झोल खातं आणि तिथनंच विरतं. जुन्या वाकळा टिकतात त्या दाट टाक्यानं, कापडात जीव राहिलेला नसतो, दोराच धरून ठेवतो सगळं. पण सगळीकडं पाऊण इंच पाहिजे असंही नाही. काठाकडचे पहिले पाच-सहा फेरे दाट घाल, पदराभोवती आणि आजीच्या रफूपाशी दाट घाल, मधल्या पट्ट्यात एक इंचापर्यंत जा. माझ्या सासूबाई तशाच करायच्या आणि त्यांच्या वाकळा अजून आमच्या घरात वापरात आहेत, दरवर्षी दसऱ्याच्या आधी पंचगंगेवर धुऊन आणतो.

रोज किती झालं ते मोजत बसू नको. टाचण नीट असलं की पाच मिनिटं मिळाली तरी चार टाके पडतात, नाईट करून आलास आणि झोप येत नसेल तर अर्धी ओळ. हात घामट असतील तर आधी धुऊन पुसून बस, मशीनशॉपमधनं येतोस, तेलाचा डाग सुती कापडावरनं निघत नाही. फेरा पूर्ण होईल तसं त्या पट्ट्यातलं टाचण उसवत जा, सगळं एकदम काढू नको. आणि पावसाच्या दिवसांत गुंडाळून कॉटखाली ढकलू नको, फरशी ओल धरते, कुबट वास बसला की जात नाही. जुन्या चादरीत बांधून कपाटावर ठेव, ऊन पडलं की तासभर गच्चीवर टाक.

दिवाळीपर्यंत गोट लावायचा राहिला तर तसाच घेऊन जा घरी, आईजवळ बसून लाव, त्यांना पण दोन टाके घालू दे.

टाचायला मी आणि माझी जाऊ येतो. आमच्या तालमीचा हॉल आहे, दुपारी दोन ते पाच मोकळा असतो, मी विचारून ठेवते. तुझ्या सुट्टीचा वार कळव. येताना तुकडे धुऊन, इस्त्री करून, जोड शिवून आण, टाचणाचा दोरा दुसऱ्या रंगाचा आण, आणि तुझ्या रूममधल्या मित्राला पण घेऊन ये, कोपरे धरायला माणूस लागतो.